आईची बीपीची गोळी, कॅल्शियमची गोळी आणि धमनीच्या भिंतीतली दारं

कृष्णाकाठची (धागाकर्ती), रविवार रात्री ९.४०

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते. आज लिहायला बसले, कारण विषय घरातला आहे.

आई ६८ वर्षांची, कराडला एकटी राहते. मी पुण्यात. चार वर्षांपासून तिला बीपीसाठी ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम रोज एक अशी गोळी चालू आहे. शिवाय हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. काल गेले तेव्हा औषधांचा डबा आवरायला घेतला. कॅल्शियमच्या पाकिटात दोनच गोळ्या उरल्या होत्या. ॲम्लोचं पाकीट मात्र कोरं, एकही गोळी फोडलेली नाही. विचारलं तर आधी "राहिली असेल घ्यायची" म्हणाली. मग खरं सांगितलं. शेजारच्या काकूंनी मोबाइलवर वाचून दाखवलं होतं की या गोळीला 'कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर' म्हणतात. आईने सरळ हिशोब केला: एक डॉक्टर कॅल्शियम द्या म्हणतो, दुसरा ते अडवतो, आणि माझी हाडं तर आधीच ठिसूळ. मग अडवणारी गोळी बंद. दीड महिना!

बीपी घेतलं तर १७४/९८. पाच मिनिटांनी परत घेतलं, १७०/९६. तिला काहीही होत नव्हतं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, भाजी निवडत बसली होती. त्याच संध्याकाळी डॉक्टरांना दाखवलं, गोळी पुन्हा सुरू झाली.

पण तिच्या प्रश्नाला मला धड उत्तर देता आलं नाही. "डॉक्टर सांगतात म्हणून घे" असं तिला सांगायचं नाहीये, ती ३१ वर्षं शाळेत शिकवत होती. ही गोळी नेमकं कुठलं कॅल्शियम अडवते? हाडांवर काही परिणाम होतो का? आणि मुळात कॅल्शियमचा आणि बीपीचा संबंध काय? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं, मी प्रिंट काढून आईला देणार आहे.

तालुक्याचा_डॉक्टर, रविवार रात्री १०.१५

ताई, आधी एवढं वाचा, बाकीचं सावकाश.

१. दोन्ही गोळ्या एकमेकींना मारत नाहीत. तोंडाने घेतलेलं कॅल्शियम रक्तात येतं. रक्तातलं कॅल्शियम शरीर फार काटेकोर सांभाळतं, साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. ॲम्लोडिपिन त्या आकड्याला हात लावत नाही, आणि हाडातलं कॅल्शियमही काढून घेत नाही.

२. ती गोळी धमनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशींची दारं आवरते. 'कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर' या नावात महत्त्वाचा शब्द 'चॅनेल' आहे. लोक 'कॅल्शियम' आणि 'ब्लॉकर' वाचतात, मधलं गाळतात. माझ्याकडे महिन्याला दोन-तीन पेशंट तरी हीच शंका घेऊन येतात आणि त्यातले निम्मे आधी गोळी बंद करून मग विचारतात.

३. ॲम्लोडिपिन शरीरात फार रेंगाळतं. निम्मं औषध उतरायला ३० ते ५० तास लागतात. त्यामुळे गोळी सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस बीपी फारसं हलत नाही आणि माणसाला वाटतं, बघा, गरजच नव्हती. उलट नव्याने सुरू केल्यावरही पूर्ण परिणाम दिसायला आठवडाभर जातो. म्हणून उद्या-परवा लगेच आकडा खाली आला नाही तर घाबरून डोस वाढवू नका.

रुग्णसेविका_निवृत्त, रविवार रात्री १०.५०

डॉक्टरांशी सहमत. आईंचं बीपी घेताना त्यांना पाठ टेकून बसवा, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीवर, पाच मिनिटं गप्पा नाहीत. चहा घेतल्या घेतल्या नको. आकडा वहीत तारखेसकट लिहा.

पेशीघर, सोमवार पहाटे ५.२०

मी याच विषयात बारा वर्षं काम केलं आहे, आता परदेशात शिकवतो. आईंनी विचारलेला प्रश्न अगदी योग्य आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

शाळेच्या पुस्तकात जिला रोहिणी म्हणतात तीच धमनी. तिची भिंत म्हणजे नुसती रबरी नळी नाही. भिंतीच्या मधल्या थरात स्नायूपेशी नळीभोवती आडव्या गुंडाळलेल्या असतात, पिंपाला कड्या बसवाव्यात तशा. एकेक पेशी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी लांब, दोन्ही टोकांना निमुळती. सगळ्या मिळून आवळल्या की नळी बारीक होते, सैल पडल्या की रुंद होते. मोठ्या धमन्यांपेक्षा शेवटच्या बारीक धमन्यांमध्ये आणि धमनिकांमध्ये हे जास्त महत्त्वाचं, कारण रक्ताला खरा अडसर तिथेच होतो.

आवळायचा हुकूम देणारं कॅल्शियम. पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम जवळजवळ नसतंच. बाहेरच्या द्रवात ते आतल्यापेक्षा दहा हजार पटीहून जास्त असतं. म्हणजे आत यायला ते टपूनच बसलेलं असतं. पेशीच्या पटलात त्यासाठी दारं आहेत, तीच ही चॅनेल. धमनीत त्यातलं मुख्य दार 'एल प्रकारचं' म्हणून ओळखलं जातं. ते पटलातल्या विजेच्या दाबावर उघडतं. पेशीचा आतला भाग बाहेरच्या तुलनेत उणे ६० ते उणे ४० मिलिव्होल्टच्या आसपास असतो. तो उणेपणा थोडा कमी झाला की दारं जास्त वेळा उघडतात आणि कॅल्शियम आत घुसतं. आत आल्यावर ते कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, ती जोडी एका विकराला जागं करते, ते विकर मायोसिन या स्नायूतल्या प्रथिनावर फॉस्फेट चढवतं, आणि मायोसिन शेजारच्या ॲक्टिनच्या तंतूंना ओढू लागतं. पेशी आवळते.

हे डोळ्यांनी दिसतं. आम्ही उंदराच्या मेंदूतली धमनीची एक तुकडी काढायचो, केसाहून थोडी जाड. दोन काचेच्या सुयांवर तिची टोकं नायलॉनच्या एकेरी धाग्याने बांधायची, मग आतून दाब द्यायचा. आधी ती फुगते, २०० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मग पाच-दहा मिनिटांत, कुणी काही न करता, ती स्वतःहून आवळायला लागते आणि १४० च्या आसपास येऊन थांबते. ना मेंदूचा हुकूम, ना कुठलं हॉर्मोन. दाब जाणवला की धमनी स्वतः आवळते हे विल्यम बेलिस यांनी १९०२ मध्येच सांगितलं होतं. आता त्या द्रवातलं कॅल्शियम काढून टाका किंवा ॲम्लोडिपिनच्याच कुळातल्या निफेडिपिनचा थेंब टाका. धमनी तुमच्यासमोर सैल पडत परत २०० ला जाते. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी एकटाच प्रयोगशाळेत होतो. घरच्या सगळ्या मोठ्या माणसांच्या गोळ्या तेव्हा आठवल्या.

तेव्हा आईंना सांगा: बाहेरच्या अंगणात कॅल्शियम किती आहे याने या पेशीला फरक पडत नाही. तिथे ते कायमच भरपूर आहे. फरक पडतो तो दार किती वेळ उघडं राहतं याने.

पंपवाला, सोमवार सकाळी ८.०५

उत्तम प्रतिसाद. मी पाइपलाइनवाला माणूस, म्हणून लगेच गणित करून पाहिलं. नळीतला विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात जातो. २०० वरून १४० म्हणजे ०.७ पट. ०.७ चा चौथा घात ०.२४. म्हणजे विरोध चौपटीच्या वर! आणि नुसती १० टक्के बारीक झाली तरी विरोध दीडपट होतो. आमच्याकडे पाइपात एवढा गाळ बसला तर पंपाची मोटर जळेल. इथे मोटर म्हणजे हृदय.

एक शंका. धमनी दाबाने आपणहून आवळते आणि आवळली की दाब वाढतो, तर हे चक्र थांबतं कुठे? प्रत्येकाचंच बीपी वाढत का सुटत नाही?

पेशीघर, सोमवार सकाळी ११.३०

पंपवाला, नेमकं बोट ठेवलंत. या प्रश्नाचं उत्तर १९९५ मध्ये मिळालं आणि मला ते या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं.

पेशीच्या आत कॅल्शियमची स्वतःची कोठारं असतात. त्यातून अधूनमधून, पटलाला अगदी लागून, कॅल्शियमचा छोटासा झोत सुटतो. कॅल्शियम आलं की चमकणारा रंग पेशीत भरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर काळोखात ठिणगी पडावी तसं दिसतं. नावही ठिणगीच पडलं. हृदयाच्या पेशीत या ठिणग्या १९९३ मध्ये दिसल्या. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या व्हर्मांट विद्यापीठात मार्क नेल्सन यांच्या गटाने धमनीत त्या पाहिल्या, आणि त्यांचं काम उलटं निघालं. ठिणगी पडली की शेजारची पोटॅशियमची मोठी दारं उघडतात. पोटॅशियम बाहेर जातं, पेशी आतून जास्त उणे होते, आणि एल प्रकारची कॅल्शियमची दारं मिटतात. धमनी सैल पडते.

म्हणजे कॅल्शियमच आवळतं आणि कॅल्शियमच सैल करतं. सगळ्या पेशीभर पसरलं तर आवळतं, पटलाजवळ ठिणगीसारखं पडलं तर ब्रेक लागतो. ज्या उंदरांमध्ये या पोटॅशियम दाराचा एक सहायक भाग काढून टाकला, त्यांच्यात ठिणग्या पडत राहिल्या पण ब्रेक लागेना, आणि त्यांचं बीपी वाढलं. हा शोधनिबंध २००० सालचा. पुढे २००३ मध्ये दिसलं की बीपी चढवलेल्या उंदरांमध्येही नेमका हाच सहायक भाग कमी झालेला असतो.

नवशिकी, सोमवार दुपारी १.१०

वाचतेय. खूप काही नवीन कळतंय. मग उच्च रक्तदाबात ही कॅल्शियमची दारं बिघडलेली असतात असं म्हणायचं का?

पेशीघर, सोमवार रात्री ८.४५

'बिघडलेली' म्हणण्यापेक्षा जास्त उघडी आणि संख्येनेही जास्त, असं म्हणू.

सिएटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात सॅन्टाना आणि नावेडो यांच्या गटाने धमनीच्या पेशीतल्या एकेका दारातून येणारं कॅल्शियम प्रकाशाच्या ठिपक्यासारखं पाहिलं. बहुतेक दारं क्षणभर उघडून मिटतात. काही ठिकाणी मात्र दार उघडतं, मिटतं, परत उघडतं, आणि ठिपका तिथेच लुकलुकत राहतो. या हट्टी दारांपाशी एक विकर आणि त्याला तिथे बांधून ठेवणारं एक प्रथिन असतं. अँजिओटेन्सिन नावाचं हॉर्मोन देऊन उंदरांचं बीपी वाढवलं की अशी लुकलुकणारी ठिकाणं वाढतात. ते बांधून ठेवणारं प्रथिनच नसलेल्या उंदरांत तेवढंच हॉर्मोन देऊनही बीपी तसं चढलं नाही. २००८ चं हे काम.

दुसरीकडे जर्मनीत म्युनिकमधल्या गटाने २००३ मध्ये प्रौढ उंदरांच्या फक्त मृदू स्नायूंमधून (धमनीच्या भिंतीतले स्नायू याच प्रकारचे) हे मुख्य दार काढून टाकलं. त्यांचा सरासरी रक्तदाब ३० मिमीच्या आसपास उतरला. शरीरात बीपी सांभाळणाऱ्या किती यंत्रणा आहेत, तरी एका दाराचा वाटा एवढा!

पंपवाला, सोमवार रात्री ९.३०

एक विरोधी मुद्दा मांडतो, राग नसावा. मी वाचलंय त्यानुसार लांब पल्ल्याचं बीपी किडनी ठरवते. दाब वाढला की किडनी जास्त मीठ-पाणी बाहेर टाकते आणि दाब मूळ जागी आणते. आर्थर गायटन यांची ही मांडणी. तसं असेल तर धमन्या आवळल्या तरी किडनीने ते निस्तरायला हवं. मग धमनीची दारं हे कारण की परिणाम?

तालुक्याचा_डॉक्टर, सोमवार रात्री १०.०२

राग कसला, कॉलेजात आम्ही यावरून भांडायचो.

पेशीघर, मंगळवार पहाटे ५.४०

दोन्ही. आणि हे टाळण्यासाठी दिलेलं उत्तर नाही.

गायटन यांचा मुद्दा अजून उभा आहे. पण किडनीतही धमनिकाच आहेत, त्यांच्या भिंतीतही हीच दारं आहेत. त्या आवळलेल्या राहिल्या तर किडनीला खरा दाब कळतच नाही आणि ती जास्तीच्या दाबालाच 'मूळ जागा' समजते.

परिणामाच्या बाजूने एक प्रयोग सांगतो, २००४ चा. उंदराच्या पोटातल्या महाधमनीला दोन्ही किडन्यांच्या धमन्यांच्या मधे एक आवळ बसवला. त्यामुळे आवळाच्या वरच्या किडनीधमनीला चढा दाब मिळाला, खालच्या धमनीला नेहमीचा. एकच जनावर, एकच रक्त, दोन्हीकडे तीच हॉर्मोन्स. तरी एल प्रकारची दारं चढा दाब सोसणाऱ्या धमनीतच वाढली. म्हणजे बीपी कशामुळेही वाढो, वाढलेला दाबच धमनीला आणखी दारं बसवायला लावतो, आणि वाढलेली दारं तो दाब टिकवतात. पंपवाला, तुमचं चक्र हेच. ब्रेक अशक्त झाला की ते फिरू लागतं.

मला वाटतं आईंसाठी यातली कामाची गोष्ट ही आहे: दीड महिना १७० वर राहणं म्हणजे नुसता आकडा वर असणं नव्हे. त्या काळात भिंत स्वतःला त्या दाबाप्रमाणे घडवत असते.

कृष्णाकाठची, मंगळवार सकाळी ७.१५

पेशीघर, तुमचं हे शेवटचं वाक्य मी आईला फोनवर वाचून दाखवलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हे मला चार वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं."

तिची पुढची शंका. हेच दार हृदयात आणि हातापायाच्या स्नायूंत असेल ना? मग गोळीने हृदय मंद आणि हात लुळे का पडत नाहीत?

पेशीघर, मंगळवार सकाळी ११.५०

बाईंनी वर्गात बसवलं मला!

हातापायाचे स्नायू बाहेरच्या कॅल्शियमवर अवलंबून नसतात. तिथलं दार आतल्या कोठाराला थेट टेकलेलं असतं, विजेचा इशारा मिळाला की ते कोठार उघडतं. म्हणून पायऱ्या चढताना या गोळीने ताकद कमी होत नाही.

हृदयात मात्र हेच दार लागतं. हे समजायला सिडनी रिंगर यांची गोष्ट माहीत हवी. लंडनमध्ये ते बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवत. ते पाणी ऊर्ध्वपातित नसून नळाच्या पाण्यात बनवलेलं आहे असं नंतर लक्षात आलं. शुद्ध पाण्यात बनवलं तर धडधड बंद. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम हे त्याचं कारण, असं त्यांनी १८८३ मध्ये लिहिलं.

मग १९६० च्या दशकात जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये आल्ब्रेख्त फ्लेकेनश्टाइन यांना दिसलं की व्हेरापामिल हे औषध दिल्यावर हृदयात विजेची लाट नीट उठते, पण स्नायू आवळत नाही, अगदी कॅल्शियम काढून घेतल्यासारखं. वरून कॅल्शियम वाढवलं की परत आवळतो. 'कॅल्शियम अँटागोनिस्ट' म्हणजे कॅल्शियमविरोधक हा शब्द तिथून आला, 'कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर' हे त्याच औषधांचं नंतरचं नाव. म्हणजे बघा, तुमच्या काकू ज्या नावाने बिचकल्या त्याचं मूळ या प्रयोगात आहे. पोटात जाणाऱ्या कॅल्शियमशी त्याचा संबंध नव्हता.

व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम हृदयाची गती खरंच कमी करतात. ॲम्लोडिपिन आणि निफेडिपिन दुसऱ्या कुळातली. मिटूनही थकलेल्या, लगेच उघडू न शकणाऱ्या अवस्थेतल्या दारांना ती जास्त घट्ट धरतात. धमनीची पेशी बराच वेळ अर्धवट उत्तेजित असते, त्यामुळे तिथे अशी दारं भरपूर. हृदयाची पेशी दोन ठोक्यांमध्ये उणे ८०-९० पर्यंत पूर्ण विसावते, म्हणून तिथे औषधाची पकड ढिली.

आणि ॲम्लोडिपिन हे दाराच्या भोकात बसवलेलं बूच नाही. २०१६ मध्ये विल्यम कॅटरॉल यांच्या गटाने जिवाणूतल्या दारापासून बनवलेल्या नमुन्यावर ते नेमकं कुठे बसतं ते दाखवलं. व्हेरापामिल भोकातच अडकतं. ॲम्लोडिपिन मात्र बाहेरच्या बाजूने, पटलातल्या चरबीकडून, फटीत शिरतं आणि चौकटच वाकडी करतं. पावसाळ्यात लाकडी चौकट फुगून दार अडतं ना, तसं.

रुग्णसेविका_निवृत्त, मंगळवार दुपारी ३.३०

ते रिंगर म्हणजे आमच्या आरएलच्या बाटलीतले! रिंगर लॅक्टेट, सलाइनसारखं शिरेतून देतात ते. छत्तीस वर्षं हातांनी लावली, नाव कुणाचं हे आज कळलं.

निफेडिपिनचा विषय निघाला म्हणून एक सांगते. १९९० च्या आसपास मी जिथे नोकरीला होते तिथे बीपी फार चढलेला पेशंट आला की निफेडिपिनच्या कॅप्सूलला सुईने भोक पाडून जिभेखाली पिळायची पद्धत होती. सगळीकडेच होती. एका रात्री साठीचे एक गृहस्थ आले, २२० बीपी. अर्ध्या तासात ११० वर आलं. आम्हाला वाटलं, छान. तेवढ्यात त्यांच्या मुलीने हाक मारली, "बाबांचं बोलणं समजत नाहीये." उजवा हात उचलेना. पुढे काय झालं ते लिहिण्याची गरज नाही. मी अजून त्या मुलीचा आवाज विसरलेले नाही.

कृपया कुणीही घरी असं करू नये. काही घरांत त्या जुन्या कॅप्सूल अजून 'इमर्जन्सी'साठी ठेवलेल्या असतात.

तालुक्याचा_डॉक्टर, मंगळवार संध्याकाळी ६.२०

सिस्टरांचा प्रतिसाद सगळ्यांनी दोनदा वाचा. वर्षानुवर्षं चढ्या दाबाची सवय झालेल्या मेंदूच्या धमन्या त्या दाबाला जुळवून आवळलेल्या असतात. अचानक दाब कोसळला तर त्या तेवढ्या वेगाने रुंद होऊ शकत नाहीत, मेंदूला रक्त कमी पडतं. हा प्रकार थांबवा अशी जाहीर मागणी १९९६ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रमुख वैद्यकीय नियतकालिकात झाली. सावकाश शोषली जाणारी निफेडिपिनची गोळी वेगळी, ती आजही वापरतात, गरोदरपणातल्या बीपीसाठीसुद्धा.

कृष्णाकाठची, आईंच्या पायांना सूज आहे का?

कृष्णाकाठची, मंगळवार संध्याकाळी ७.००

हो! लिहायचं राहिलं. पूर्वी संध्याकाळी घोट्यांना सूज असायची, मोज्याचा वळ उमटायचा. गोळी बंद केल्यावर गेली, त्यामुळे तर तिला आणखी खात्री पटली की गोळी वाईट.

तालुक्याचा_डॉक्टर, मंगळवार रात्री ९.१०

मला वाटलंच. ही सूज या गोळीचीच. किडनी किंवा हृदय खराब झाल्याची सूज नव्हे, तरी डॉक्टरांनी ते एकदा तपासायला हवं. ॲम्लोडिपिन केशवाहिन्यांच्या आधीच्या धमनिका रुंद करतं, पण पुढच्या बारीक शिरा तेवढ्या रुंद होत नाहीत. मधल्या केशवाहिन्यांत दाब साठतो, पाणी झिरपतं, आणि दिवसभर उभं राहिलं की घोट्यापाशी उतरतं. अंगठ्याने नडगीवर दाबलं की खळगा पडतो. त्यावर लघवी वाढवणारी गोळी फारशी उपयोगी पडत नाही, कारण मीठ-पाणी साठलेलंच नसतं. डोस कमी करणं, किंवा टेल्मिसार्टनच्या जातीची गोळी सोबत देणं, याने सूज उतरते, कारण ती शिराही थोड्या सैल करते. सिल्निडिपिन हा पर्यायही आहे, मूळ जपानचं औषध. ते धमनीच्या दारांबरोबर मज्जातंतूच्या टोकांवरची वेगळ्या प्रकारची कॅल्शियम दारंही आवरतं, सूज कमी येते. काय द्यायचं ते त्यांच्या डॉक्टरांनी ठरवावं, पण तुम्ही सुजेबद्दल त्यांना सांगितलंच पाहिजे. पेशंट सांगत नाहीत आणि गोळी सोडून देतात.

आणखी एक. कधी क्लोरथॅलिडोनसारखी लघवी वाढवणारी बीपीची गोळी जोडली गेली तर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाकडे लक्ष ठेवा. ती गोळी लघवीतून कॅल्शियम जाऊ देत नाही, रक्तातलं वाढू शकतं. आईंची शंका ॲम्लोबद्दल चुकीची होती, पण या जोडीबद्दल रास्त ठरली असती.

वनराई, बुधवार सकाळी ९.००

आमच्या गावाकडे बीपीवर सर्पगंधा देतात. त्याचं काम असंच का?

तालुक्याचा_डॉक्टर, बुधवार दुपारी २.१५

वेगळं. सर्पगंधेतलं रिसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांतला नॉरॲड्रेनॅलिनचा साठा रिकामा करतं. नॉरॲड्रेनॅलिन हे धमनीच्या पेशीला उत्तेजित करून दारं उघडायला लावणारं रसायन. म्हणजे घंटा वाजवणाऱ्यालाच घरी पाठवलं. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेवरचा अनुभव प्रसिद्ध केला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. आपल्याला याचा अभिमान असायला हवा. पण रिसर्पिनने मन खचू शकतं, आणि मुळीच्या चूर्णात औषध किती हे कळत नाही. चालू गोळी सोडून ते घेऊ नका.

माटवीवाला, बुधवार संध्याकाळी ५.४५

फळांबद्दल कुठेतरी वाचलं होतं, ग्रेपफ्रूट चालत नाही म्हणे. आमच्याकडे चतुर्थीला पपनस असतो, आजोबा बीपीसाठी फेलोडिपिन घेतात.

पेशीघर, बुधवार रात्री ९.२०

फेलोडिपिनच्या बाबतीत खरं आहे, शोध लागला तोच फेलोडिपिनवर. १९८९ मध्ये कॅनडात फेलोडिपिनवर दारूचा परिणाम पाहणाऱ्या एका प्रयोगात दारूची चव झाकायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि रक्तातलं औषध अवाच्या सवा वाढलं. आतड्यातलं औषध मोडणारं विकर तो रस बंद पाडतो. पपनसातही तशीच द्रव्यं असतात, त्यामुळे आजोबांनी टाळावा. ॲम्लोडिपिनवर हा परिणाम नगण्य.

नवशिकी, बुधवार रात्री १०.३०

आणि मीठ? कॅल्शियमच्या दारांशी मिठाचं काय?

पेशीघर, गुरुवार पहाटे ५.३५

पेशीच्या पटलात सोडियम आणि कॅल्शियम यांची अदलाबदल करणारं एक प्रथिन आहे. ते सोडियम आत घेतं आणि कॅल्शियम बाहेर काढतं. आत सोडियम साठलं तर ही अदलाबदल मंदावते, कॅल्शियम आतच राहतं आणि धमनी ताठर होते. ब्लॉस्टाइन यांनी १९७७ मध्ये ही कल्पना मांडली. मिठाचा तेवढा एकच मार्ग नाही, किडनीचा मोठा वाटा आहे, पंपवाला बरोबरच म्हणत होते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण, पाव सगळं आलं.

उलट, आहारात कॅल्शियम फार कमी असेल तर बीपी किंचित वाढलेलं दिसतं. ज्या भागात आहारातून कॅल्शियम कमी मिळतं तिथे गरोदर बायकांना रोज दीड ते दोन ग्रॅम कॅल्शियम द्यावं, असंही तीच संघटना सांगते, गरोदरपणातलं बीपी टाळण्यासाठी. आईंना हे नक्की सांगा. त्या ज्या दोन गोळ्यांना वैरी समजत होत्या, त्या एकाच बाजूच्या आहेत.

कृष्णाकाठची, तीन आठवड्यांनंतर, रविवार रात्री ८.५०

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला लिहायला, पण आकडे घेऊनच यायचं ठरवलं होतं.

डॉक्टरांनी रक्त, लघवी, ईसीजी पाहिलं, सगळं ठीक. ॲम्लोडिपिन अडीच केलं आणि टेल्मिसार्टन ४० जोडलं. वहीतले शेवटचे चार आकडे: १४२/८६, १३८/८४, १३६/८२, १३८/८०. घोट्याला सूज अगदी थोडी, मोज्याचा वळ उमटत नाही. कॅल्शियम जेवणानंतर चालू आहे.

प्रिंट काढून दिली होती. आईने तांबड्या पेनाने शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या आहेत आणि समासात 'अँजिओटेन्सिन = ?' असं लिहून ठेवलं आहे. पेशीघर, सवडीने सांगा, ती विचारणार आहे.

काल शेजारच्या काकू आल्या होत्या. आईने त्यांना पाठ टेकून बसवलं, पाच मिनिटं बोलू दिलं नाही, आणि पट्टा बांधला. १६४/१००. काकूंनी आजवर कधी बीपी मोजलंच नव्हतं. परवा दोघी मिळून दवाखान्यात जाणार आहेत.